सासूबाईंचा गंधार

पेटी बिघडलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ ती दुरुस्त करण्यातून झाला.

सूनबाईचं काम मापं तपासण्याचं होतं. शहरभरातले वजनकाटे, तापमापक, दाबमापक तिच्या प्रयोगशाळेत यायचे. चुकणाऱ्यांना ती ताळ्यावर आणायची आणि शेवटी प्रत्येकाच्या अंगावर एक हिरवी चिकटपट्टी लावायची. तीवर छापलेलं असे, ‘तपासले. योग्य.’ या परक्या देशात तिला पहिल्यांदा आपलं वाटलं ते याच खोलीत, कारण ग्रॅम इथेही ग्रॅमच होता. बोलताना चुकलं तर लोक गालात हसत. वजन चुकलं तर कोणी हसत नसे, सगळे मिळून चूक शोधत. ही शिस्त तिने घरीही आणली होती. घरातली सगळी घड्याळं एका ठोक्यावर चालत.

“या घरात तपासायचा राहिलेला मी एकटाच,” नवरा म्हणायचा.

“तुझं रीडिंग दर वेळी वेगळं येतं,” ती म्हणायची. “तुला पट्टी लावता येणार नाही.”

मग सासूबाई गेल्या आणि नाना मुलाकडे राहायला आले. येताना त्यांनी दोन डाग आणले. एकात कपडे होते, दुसऱ्यात पेटी. सासूबाई गात आणि नाना त्यांना साथ करत. संसारही साधारण याच पद्धतीने झाला होता. आता गाणारं माणूस नव्हतं, म्हणून नाना संध्याकाळी खिडकीशी बसून नुसतीच साथ वाजवत. ते मधेच थांबायचे, कोणीतरी तान पूर्ण करतंय आणि आपण ऐकतोय असे, आणि मग पुढची ओळ धरायचे. त्या थांबण्यात सूनबाई हातातली भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची.

इथली भाषा त्यांना येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते मुलाला विचारायचे, “अरे, ते माझ्या परतीचं काय केलंस?”

“बघतो, नाना,” मुलगा म्हणायचा आणि वर्तमानपत्रात शिरायचा. तिकडे घराला कुलूप होतं आणि नानांकडे बघायला कोणी नव्हतं. पण हे तोंडावर सांगणार कोण?

सुटका केली ती नानांच्या कवळीने. ती एका सकाळी मधोमध चिरली. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. त्यांच्या देशात ते दातांचे डॉक्टर होते. इथे त्यांची पदवी चालली नाही, म्हणून ते दुसऱ्या कोणाच्या तरी दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत. त्यांनी नानांची कवळी सांधून दिली, ती आणून द्यायला संध्याकाळी खाली आले आणि पेटी ऐकून दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या छातीवर अ‍ॅकॉर्डियन बांधलेलं होतं. नानांनी ते पुढून-मागून पाहिलं, त्याचा भाता दाबून पाहिला आणि त्याचं नाव ठेवलं पोटपेटी. गृहस्थांचं नाव अर्थातच कवळीवाले पडलं.

दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळत नसे. त्यामुळे संभाषण अखंड चाले. नाना मराठीत आपल्या गुडघ्याबद्दल सांगत, कवळीवाले त्यांच्या भाषेत बहुधा त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगत, मग दोघं वाजवत. आणि एक दिवस सूनबाईच्या लक्षात आलं की नाना सकाळी परतीचं विचारत नाहीत.

त्या इमारतीत झाडून सगळे कुठून कुठून आलेले. इथल्या म्हणाव्यात अशा एकट्या सेक्रेटरीणबाई. त्या निवृत्त शाळा तपासनीस होत्या आणि इमारतीला अजून शाळाच समजत. वाद्य वाजवल्याची नोटीस द्यायला त्या वर आल्या, दाराबाहेर जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “वार्षिक सभेनंतर तळमजल्याच्या हॉलमध्ये यांचा कार्यक्रम ठेवू. दर वर्षी सभेला कोणी थांबत नाही.”

हे नानांना मराठीत सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला. “सभा कधी आहे?” त्यांनी विचारलं. “बरं. तोवर राहतो मग.”

नवऱ्याने रात्री सूनबाईला सांगितलं, “अगं, हा कार्यक्रम नीट झाला ना, तर ते कायमचे राहतील. नाही झाला तर मी कोणत्या तोंडाने थांबवू त्यांना?”

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. कार्यक्रम नीट व्हायला हवा, असं सूनबाईला सांगणं म्हणजे तिच्या हातात कानस देणं.

पुढच्याच रविवारी दोघं वाजवत होते आणि ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. एका लांब सुरावर तिला तो हेलकावा ऐकू आला. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की आवाज असा कमी-जास्त होत डुलतो. शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या कोणालाही हे माहीत असतं, आणि बहुतेक जण ते विसरून सुखाने जगतात. सूनबाईने घड्याळ पुढे धरून हेलकावे मोजले. कवळीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, वाजवणं थांबवलं आणि घाईघाईने पोटपेटी आवरून ते निघून गेले. तिला वाटलं, त्यांनाही ते बेसूर सहन झालं नसावं.

दोष कोणाचा, हे उघड होतं. पोटपेटी मोठ्या कारखान्यात बनलेली. आपली पेटी जुनी, सामानात आपटत आलेली, इथल्या कोरड्या हवेत वाळलेली. तिने गंधार तपासला. योग्य जागेपेक्षा तो स्पष्ट खाली होता. धैवतही तसाच. बिचारे नाना. वयाबरोबर कान जातो, आणि आपल्या माणसाला ते सांगवत नाही.

“नाना, पेटी जरा सर्व्हिसिंगला नेऊ का?” तिने विचारलं.

“तिला काय झालंय?”

“काही नाही. नुसती बघून ठेवते. कार्यक्रमाच्या आधी.”

नानांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने उचलला. “तू म्हणतेस तर ने बाळ. तुझं कामच आहे ते.”

पेटी बिघडल्याची बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले वर आले. तळमजल्यावरच्या शिंप्याचं मत पडलं की ती कुठेतरी घट्ट होत असणार, थोडी सैल करावी. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, दोन दिवस उबेत ठेवा आणि हलवू नका. समोरचे वायरमन पेटीभोवती एक फेरी मारून गंभीरपणे म्हणाले, “अर्थिंग बघा.” या माणसांनी आपापले देश सोडले होते, घरं सोडली होती, पण आपापला धंदा कोणीही सोडला नव्हता. सूनबाई सगळ्यांना मनातल्या मनात हसली. तिला हसायचा काही अधिकार नव्हता, पण ते तिला अजून कळायचं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी पहिली अडचण काढली. “खाजगी वस्तू आत आणता येत नाही. ग्राहक हवा.” मग नानांची ग्राहक म्हणून नोंद झाली, पेटीची ‘दाबमापक, इतर’ या सदरात नोंद झाली, आणि वजनकाट्यांच्या रांगेत पेटी जाऊन बसली. जेवणाच्या सुट्टीत सूनबाई तिच्याशी बसायची. पेटीत पितळेच्या पात्यांच्या दोन ओळी असतात. पुढच्या खुंट्या ओढून हवी ती ओळ उघडता येते, किंवा दोन्ही. पात्याचं टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो. ती एकेक पातं घासून सूर मोजणाऱ्या यंत्रापुढे वाजवायची, आणि यंत्रातला काटा मधोमध उभा राहिला की तिला तहान भागल्यासारखं वाटायचं.

घरी नाना विचारायचे, “आज कशी आहे?” पेटी दवाखान्यात असल्यासारखं.

दुसरी ओळ संपत आली आणि गंधाराचं पातं मोडलं. ते इथे मिळेना. दुसऱ्या गावी आपल्या संसारात असलेल्या नणंदेला फोन गेला, ती तिकडच्या पेटीवाल्याकडे गेली आणि पात्यांचं पाकीट निघालं. ते कस्टममध्ये अडकलं. ‘धातूची पाती, उपयोग अज्ञात.’

कस्टमचा माणूस सज्जन होता, म्हणजे तो ओरडला नाही. त्याने विचारलं, “यंत्राचा भाग, वैद्यकीय उपकरण की हत्यार?”

“वाद्याचा भाग.”

“वाद्य कुठे आहे?”

“प्रयोगशाळेत.”

“वाद्य प्रयोगशाळेत का आहे?”

या प्रश्नाला खरं उत्तर होतं, पण ते दिल्याने काम झालं नसतं. “हे वाजतं, मी दाखवते,” ती म्हणाली. पाकिटातलं एक पातं तिने ओठांत धरलं आणि श्वास आत ओढला. अख्ख्या हॉलमध्ये एक स्वच्छ, करुण सूर उमटला. रांग गप्प झाली. एका आजींनी पर्स उघडून नाणं शोधायला सुरुवात केली. सूनबाईने आयुष्यात चारचौघांत कधी तोंडातून सूर काढला नव्हता, आणि आता ती शास्त्राची पदवीधर, एका सरकारी खिडकीपुढे, पितळ चोखत उभी होती.

“साहेबांना दाखवावं लागेल,” तो माणूस म्हणाला. साहेब आले. तिने पुन्हा वाजवलं. साहेबांनी शिक्का ज्यांच्याकडे होता त्या बाईंना बोलावलं. तिने तिसऱ्यांदा वाजवलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि पाकिटावर लिहिलं, ‘संगीत. निरुपद्रवी.’

सभेच्या आधीच्या रविवारी पेटी घरी आली. प्रत्येक सूर अचूक. झाकणाच्या आत, कोपऱ्यात, सूनबाईने हिरवी पट्टीसुद्धा लावली होती. नवरा कॅमेरा घेऊन उभा राहिला. नानांनी भाता ओढला, षड्ज लावला, मान हलवली. मग ते गंधारावर आले आणि थांबले.

हे ते नेहमीचं थांबणं नव्हतं. त्यांनी गंधार पुन्हा दाबला. खुंटी ओढून दुसऱ्या ओळीतला दाबून पाहिला. मग भाता हळूच मिटला, क्लिप लावली आणि झाकण बंद केलं.

“छान झालीय हो,” ते म्हणाले. “अगदी नव्यासारखी.”

त्या संध्याकाळी ते खिडकीशी बसले, पण हात मांडीवर ठेवून. कवळीवाले आले तेव्हा नानांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे दुखतोय. आणि सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “अरे, ते माझ्या परतीचं काय केलंस?”

सूनबाईने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. “काय चुकलं माझं? एकूण एक सूर बरोबर आहे.”

नवऱ्याने हातातली बशी ओट्यावर ठेवली. “तोच घोटाळा झालाय,” तो म्हणाला. “मी आधी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं तू फक्त धूळ काढतेयस आणि मोडलेलं पातं बदलतेयस. अगं, ती पेटी आईच्या गळ्याला लावून घेतलेली होती. आईचा गंधार खाली लागायचा. तिला तो तसाच आवडायचा. लग्न झाल्यावर नाना पेटीवाल्याकडे तिला घेऊन गेले, ती गात बसली आणि त्या माणसाने एकेक पातं तिच्या आवाजाला घासलं.”

सूनबाईने गॅस बंद केला.

“पण तू कामाला हात लावायच्या आधीचे आकडे टिपून ठेवतेस ना?” त्याने आशेने विचारलं. “मग परत तसंच करता येईल की.”

प्रयोगशाळेचा पहिला नियम असा की वस्तू हातात आली की आधी ती जशी आहे तशी मोजायची, लिहायची, मगच हात लावायचा. हा नियम मोडला म्हणून सूनबाईने हाताखालच्या दोघांना रडवलं होतं. आणि पेटीचे आकडे तिने टिपले नव्हते. तिला वाटलं होतं, घरचीच तर वस्तू आहे. आणि चुकीच्या सुराची नोंद ठेवून करायचंय काय?

सासूबाईंचा गंधार जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो तिने कानशीने घासून जेवणाच्या सुट्टीत टेबलावरून पुसून टाकला होता.

संध्याकाळी ती जिना चढून कवळीवाल्यांकडे गेली. तिला निदान एवढं कळायला हवं होतं की पोटपेटीशी तरी आता नीट जुळतं की नाही. सगळं ऐकून त्यांनी पोटपेटी टेबलावर आडवी ठेवली आणि स्क्रू काढून ती उघडली. आतही पात्यांच्या ओळी होत्या, पेटीच्या सख्ख्या बहिणीसारख्या.

इथल्या भाषेत दोघंही सारखेच अडखळत, म्हणून ते हळू आणि सोपं बोलले. “एका सुराला दोन पाती. हे नीट आहे. हे दुसरं, मुद्दाम थोडं वर.”

“मुद्दाम?”

“आमच्याकडे असंच करतात. दोन्ही एकदम वाजतात, मग सूर हलतो.” त्यांनी हवेत हात डुलवला. “पूर्ण नीट केलं तर एकटा माणूस बोलतोय असं वाटतं. हललं की घरात माणसं आहेत असं वाटतं.”

म्हणजे तिने घड्याळ लावून मोजलेला हेलकावा पोटपेटीचा स्वतःचाच होता. पेटी कितीही घासली असती तरी तो गेला नसता.

“मग तुम्ही त्या रविवारी बोलला का नाहीत?”

कवळीवाले ओशाळले. “तुम्ही घड्याळ बघत होता. मला वाटलं, माझी जायची वेळ झाली.”

सूनबाई तिथेच खुर्चीत बसली. तिला हसू आलं, आणि मग ते हसू नाही हे तिच्या लक्षात आलं. कवळीवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसऱ्या हाताने खणातून दातांवरची किटणं काढायची आपली बारीक हत्यारं बाहेर काढली. कानशीपेक्षा ती फार नाजूक होती.

नानांपुढे बसून तिने सगळं सांगितलं. नियम, आकडे, घड्याळ, एकही गोष्ट वगळली नाही. नाना ऐकत होते. त्यांनी रागवावं असं तिला वाटत होतं, पण त्यांचा तसा स्वभाव नव्हता.

“असू दे गं,” ते म्हणाले. “पेटी गळ्याला लावायची असते. गळाच नाही, तर ती कशीही लागली तरी काय.”

“नाना, तो सूर तुम्हाला आठवतोय. परवा गंधारावर थांबलात ना, तुम्हाला फरक कळला म्हणूनच थांबलात. तुम्ही तो गाऊन दाखवा. मी एक ओळ त्याला लावते.”

“मी? मी गात नाही. जन्मात गायलो नाही. ती गायची.”

“मीही जन्मात कधी चारचौघांत वाजवलं नव्हतं,” ती म्हणाली. “कस्टमच्या खिडकीत तीनदा वाजवून आले. तिथे एक आजी मला नाणं देणार होत्या.”

नानांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच दिवसांनी ते असे हसले. हसता हसता त्यांनी कवळी सावरली.

प्रयोगशाळेतून आणलेलं सूर मोजायचं यंत्र तिने कपाटात ठेवून दिलं. कवळीवाल्यांनी पेटी उघडली आणि पातं धरून ठेवलं. नानांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि गायले. आवाज चिरका होता, फाटलेला होता, आणि सासूबाईंसारखा तर कणभरही नव्हता. पण सूर जाऊन बसला तो एका ठराविक जागीच, अंधारात आपल्या घरचा कडीकोयंडा हाताला सापडावा तसा.

सूनबाईने पात्याचं मूळ किंचित खरवडलं.

“अजून खाली,” नाना म्हणाले. “अजून. आता थोडं... थांब. हां.” त्यांनी डोळे उघडले. “ही अशी यायची. वरून उतरताना.”

तिला तो सूर अजूनही चुकीचाच वाटत होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कानाला एकदा लागलेली सवय एका दुपारी जात नाही. पण तिने हात तिथेच थांबवला.

सगळी ओळ व्हायला सभेचा दिवस उजाडला. दुसरी ओळ तिने तशीच अचूक ठेवली. “ही पोटपेटीसाठी राहू दे,” नाना म्हणाले होते. “पाहुण्यांना त्रास नको.” झाकण लावायच्या आधी तिने कोपऱ्यातली हिरवी पट्टी नखाने काढायला घेतली. पट्टी फाटली. ‘योग्य’ निघालं आणि ‘तपासले’ तसंच चिकटून राहिलं.

“राहू दे,” नाना म्हणाले. “तपासली तर होतीसच.”

हॉलमध्ये वार्षिक सभा नेहमीसारखीच झाली, म्हणजे गळत्या नळावर भांडण झालं आणि नळ तसाच राहिला. मात्र या वेळी कोणी उठून गेलं नाही. सेक्रेटरीणबाईंनी वर्गाला गप्प करावं तसे हात जोरात वाजवले. नाना आणि कवळीवाले समोर बसले. पहिला तुकडा दोघांनी अचूक ओळीवर वाजवला. छान झाला. लोकांनी टाळ्या दिल्या, शिंप्याने तर उभं राहून दिल्या.

मग नाना एकटेच पेटीवर वाकले. त्यांनी अचूक ओळीची खुंटी आत ढकलायला हात नेला, आणि तो मधेच थांबला. ती खुंटी त्यांनी तशीच उघडी ठेवली आणि शेजारची, सासूबाईंची, बाहेर ओढली.

सूनबाई खुर्चीतून अर्धवट उठली. दोन ओळी एकमेकींशी जुळणं शक्य नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

नानांनी गंधार दाबला. सूर डुलू लागला. इथला आणि तिथला, दोन्ही एकाच पट्टीखाली, एकमेकांत मिसळत आणि सुटत, भरलेल्या घरासारखे. कवळीवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पोटपेटीचा भाता उघडला आणि त्या सुरात आपला हलता सूर सोडला. नाना एका ठिकाणी थांबले, त्यांचं ते नेहमीचं थांबणं. त्या रिकाम्या जागेत पोटपेटीने तान घेतली. ती सासूबाईंची तान नव्हती. कुठल्या देशाची होती कोण जाणे. पण नानांनी ती शेवटपर्यंत ऐकली, आणि मग पुढची ओळ धरली.

सूनबाईचा हात सवयीने घड्याळावर गेला होता. तिने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. कोणाला उगाच जायची वेळ झाल्यासारखं वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “अरे, ते माझं...”

नवऱ्याने वर्तमानपत्र वर उचललं. सूनबाई ओट्याशी तशीच उभी राहिली.

“ते माझं ऐकतोयस का? कवळीवाल्यांना जरा विचारून ये, संध्याकाळी ते खाली येतायत की पेटी वर न्यायची. आणि आधी गुडघ्याला इथल्या भाषेत काय म्हणतात ते सांग. इतके दिवस मी गुडघ्यावर हात मारून सांगतोय, त्यांना वाटतं मी तालाबद्दल बोलतोय.”